चट्टा पुन्हा त्याच जागी का उमटतो?

सोरायसिसमध्ये दाह पेटवणाऱ्या प्रथिनांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, 'तुमच्या त्वचेत टीएनएफ आणि आयएल-१७ ही प्रथिने वाढली आहेत.' तेव्हापासून घरच्यांनी माझे प्रथिनयुक्त खाणे बंद केले आहे. हे बरोबर आहे का?

नाही. ते खाणे आजच पुन्हा सुरू करा. सगळा घोळ 'प्रथिन' या एका शब्दाने घातला आहे. खाण्यातले प्रथिन पोटात गेले की त्याचे तुकडे होतात आणि अमिनो आम्लांच्या रूपात ते रक्तात येते. डॉक्टर बोलत होते ते सायटोकाइनविषयी; टीएनएफ आणि आयएल-१७ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन) ही त्यांचीच नावे. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला निरोप. हे निरोपही प्रथिनांचेच बनलेले असतात, पण शरीर ते स्वतः आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करते. ताटातले प्रथिन कमी केल्याने त्यांची निर्मिती थांबत नाही. उलट ज्यांच्या अंगभर चट्टे असतात त्यांच्या खपल्यांवाटे रोज प्रथिन बाहेर जात असते. अशा माणसाचे प्रथिन तोडले तर अशक्तपणा आणि अंगावर सूज येऊ शकते.

आहाराचा खरा संबंध आहे तो वजनाशी. चरबीच्या पेशी स्वतःच टीएनएफ आणि आयएल-६ सोडत असतात. म्हणून वजन जास्त असेल तर ते उतरवल्यावर चट्टे निवळायला मदत होते आणि औषधही अधिक चांगले लागू पडते. गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन सोडण्याचा फायदा ज्यांना सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेनने आतडे दुखावण्याचा, आजार आहे त्यांना होतो, इतरांना सहसा होत नाही.

प्रश्न : निरोप देणाऱ्या प्रथिनांमुळे कातडीला खपल्या कशा काय येतात? सरळ भाषेत समजावून सांगाल का?

कोपरावरचा एखादा चट्टा डोळ्यांसमोर आणा. कडा स्पष्ट, रंग लालसर किंवा सावळ्या त्वचेवर जांभळट-तपकिरी, वर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्यांचा थर. खपली नखाने उचलली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. यातल्या प्रत्येक खुणेमागे एकेक निरोप आहे.

सुरुवात बहुतेक वेळा त्वचेला बसलेल्या धक्क्याने होते : ओरखडा, भाजणे, जंतुसंसर्ग. दुखावलेल्या पेशी एलएल-३७ नावाचे जंतुनाशक प्रथिन सोडतात. ते फुटलेल्या पेशींमधल्या डीएनएला चिकटते आणि पहारेकरी पेशींना वाटते की विषाणूच शिरला आहे. मग इंटरफेरॉन-अल्फा सुटते, त्याने प्रतिकारशक्तीला सावध करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी जाग्या होतात, आणि त्या टीएनएफ व आयएल-२३ बाहेर टाकतात. यातले आयएल-२३ कळीचे. ते टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या टीएच-१७ या गटाला पोसते, आणि या पेशी आयएल-१७ व आयएल-२२ सोडू लागतात.

आता त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, हे निरोप ऐकतात. आयएल-२२ त्यांना सांगते : वाढत राहा, पक्व होऊ नका. निरोगी त्वचेत तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. चट्ट्यात हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. एवढ्या घाईत पेशीला आपले केंद्रक टाकून द्यायलाही सवड मिळत नाही. ती अर्धवट तयार अवस्थेत वर येते आणि एकमेकींना धड न चिकटलेल्या अशा पेशींची रास साचते. तीच खपली.

आयएल-१७ चे काम वेगळे. ते केराटिनोसाइटकडून आयएल-८ सारखी बोलावणी धाडवून घेते. त्यामुळे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खपलीपर्यंत चढून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे छोटे पुंजके दिसतात. शिवाय केराटिनोसाइट सीसीएल-२० हा संदेशही सोडतात, आणि त्याच्या मागावर आणखी टीएच-१७ पेशी येतात. त्या पुन्हा आयएल-१७ सोडतात. हे चाक स्वतःच स्वतःला फिरवत राहते. टीएनएफ या चाकाला वंगण घालते : आयएल-१७ एकटे असते तर जितका दाह झाला असता त्याहून दोघे मिळून कितीतरी जास्त करतात. दाहामुळे केशवाहिन्या फुगून, वळणे घेत वरच्या थराच्या अगदी जवळ येतात. खपली उचलल्यावर दिसणारे रक्ताचे ठिपके त्यांचेच.

पूर्वी हा केवळ कातडीच्या पेशींचा बिघाड मानला जात असे. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे टी-पेशींना आवरणारे औषध सांधेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा ज्यांना सोरायसिसही होता त्यांचे चट्टे निवळले. तिथून संशोधनाची दिशा प्रतिकारशक्तीकडे वळली. सोरायसिस संसर्गजन्य नाही आणि तो अस्वच्छतेने होत नाही हे वारंवार सांगावे लागते, त्याचे कारणही याच साखळीत आहे. तिच्यात दुसऱ्याला लागण्यासारखे काही नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीत तिघांना सोरायसिस आहे. एकाला टीएनएफवरचे, दुसऱ्याला आयएल-१७ वरचे, तिसऱ्याला आयएल-२३ वरचे इंजेक्शन चालू आहे. आजार एक, मग औषधे तीन कशी? सर्वात चांगले कोणते?

तिन्ही औषधे एकाच साखळीची वेगवेगळी कडी तोडतात. 'सर्वात चांगले' हे औषधावर जेवढे अवलंबून आहे, त्याहून जास्त त्या माणसाला आणखी काय काय आजार आहेत यावर ठरते.

टीएनएफ रोखणारी औषधे या गटात जुनी : इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब. ती सांध्यांवरही काम करतात. यांतली शेवटची दोन आतड्याच्या दाहावरही चालतात, त्यामुळे तो त्रास सोबत असेल तर त्यांचा विचार होतो. हृदय बरेच कमजोर असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जातंतूंचा आजार असेल तर टीएनएफरोधकांना हात लावत नाहीत. गरोदरपणात इंजेक्शन चालू ठेवावे लागणार असेल तर सर्टोलिझुमॅब या टीएनएफरोधकाचा विचार होतो, कारण ते वारेतून बाळापर्यंत फारच कमी पोहोचते.

आयएल-१७ वरची औषधे म्हणजे सेक्युकिनुमॅब आणि इक्सेकिझुमॅब. चट्ट्यांवर यांचा परिणाम लवकर दिसतो, पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच. पाठीचा कणा सुजून सकाळी आखडत असेल तर हा गट उपयोगी. पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर तो टाळतात, कारण आतड्याचे अस्तर सांभाळण्यात आयएल-१७ चा हात असतो आणि ते अडवले की आतड्याचा आजार भडकू शकतो. बुरशीला रोखून धरणेही आयएल-१७ चेच काम आहे. म्हणून या औषधांवर असताना तोंडात पांढरा थर किंवा जांघेत, योनिमार्गात खाज असा कॅन्डिडाचा त्रास काहींना होतो. तो बहुधा सौम्य असतो. बुरशीवरचे औषध देऊन आवरता येतो आणि इंजेक्शन बंद करावे लागत नाही.

आयएल-२३ वरच्या गटात गुसेल्कुमॅब, टिल्ड्राकिझुमॅब आणि रिसँकिझुमॅब येतात. आयएल-२३ चे दोन भाग असतात, पी-१९ आणि पी-४०. पी-४० हा भाग आयएल-१२ मध्येही असतो. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले उस्टेकिनुमॅब पी-४० ला पकडते, म्हणजे दोन्ही निरोप अडवते. पुढे कळले की सोरायसिसमध्ये खरा कारभार आयएल-२३ चा आहे, म्हणून नंतरची औषधे फक्त पी-१९ ला पकडतात. साखळीत वरच्या बाजूला घाव घातल्यामुळे परिणाम थोडा सावकाश सुरू होतो, पण टिकतो जास्त. दोन डोसांतले अंतरही मोठे असते : गुसेल्कुमॅब सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी, रिसँकिझुमॅब सुरुवातीचे दोन डोस तसेच आणि मग दर बारा आठवड्यांनी. कण्याच्या दाहावर मात्र या गटाचा भरवसा धरता येत नाही.

गोळ्यांमध्येही पर्याय आहेत. अॅप्रेमिलास्ट पेशीच्या आत काम करून टीएनएफ, आयएल-१७ आणि आयएल-२३ यांची निर्मिती उतरवते. सुरुवातीला जुलाब होतात म्हणून पहिल्या पाच दिवसांत डोस चढवत नेतात. ड्युक्राव्हासिटिनिब टीवायके-२ या विकराला आवरते. आयएल-२३ चा निरोप पेशीत पोहोचवणारा हाच निरोप्या.

प्रश्न : रक्तात आयएल-१७ किती आहे हे मोजून औषध ठरवता येत नाही का? माझा सीआरपी (दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) तर नॉर्मल आला, मग दाह नाही असे समजायचे?

तसे समजू नका. हा सगळा खेळ त्वचेच्या आत, पेशी-पेशींमधल्या जागेत चालतो. रक्तात त्यातले फार थोडे उतरते, आणि जे उतरते त्यावरून चट्टा किती तीव्र आहे किंवा कोणते औषध लागू पडेल हे सांगता येत नाही. सायटोकाइनच्या तपासण्यांवर पैसे घालू नका. सीआरपी यकृतात तयार होते, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून. चट्टे भरपूर असूनही ते नॉर्मल असू शकते. निदान डोळ्यांनी होते आणि शंका असेल तर त्वचेचा तुकडा तपासून. तीव्रता मोजायला 'पासी' हा ० ते ७२ गुणांचा तक्ता वापरतात. त्यात लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती यांचा हिशेब असतो.

प्रश्न : इंजेक्शनांनी अंग स्वच्छ झाले. आठ महिन्यांनी मी औषध थांबवले, तर चट्टे परत आले. तेही अगदी जुन्याच जागांवर, नकाशा छापल्यासारखे! असे कसे?

तुमचे निरीक्षण अचूक आहे. संशोधकही याच खुणेचा मागोवा घेत एका महत्त्वाच्या पेशीपर्यंत पोहोचले. चट्टा निवळल्यावर त्वचा वरून निरोगी दिसते, पण काही टी-पेशी तिथून हलत नाहीत. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणतात. त्यांचे मूळ काम चांगलेच आहे : एखादा जंतू ज्या जागी एकदा आला तिथेच ठाण मांडून त्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहणे. सोरायसिसमध्ये हीच निष्ठा अंगाशी येते. या पेशी वरच्या थरात मुक्काम ठोकून असतात आणि औषधाचा अडसर दूर झाला की तिथल्या तिथे पुन्हा आयएल-१७ सोडू लागतात. म्हणून कोपरावरचा चट्टा कोपरावरच येतो.

सध्याची औषधे निरोप अडवतात. ठाण मांडून बसलेल्या सगळ्या पेशी ती हटवत नाहीत. आयएल-२३ थांबवले तर त्यांचे पोषण तुटते आणि त्यांची संख्या घटते असे दिसते. या गटातली औषधे बंद केल्यावर आजार उशिरा परततो त्याचे हे एक कारण असावे.

दोन गोष्टी सांभाळा. अंग स्वच्छ दिसते म्हणून परस्पर डोस गाळू नका. अॅडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत खंड पडला की शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे (त्याला निकामी करणारी प्रथिने) बनवू शकते, आणि मग तेच औषध पुन्हा सुरू केले तरी चालत नाही. डोसांतले अंतर वाढवायचे असेल तर ते डॉक्टरांसोबत ठरवून, हळूहळू. दुसरे, एखादा डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, विचारून वेळापत्रक पुन्हा बसवा.

प्रश्न : आईला इंजेक्शन सुरू करायचे आहे. त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही एवढ्या तपासण्या सांगितल्या. आजार कातडीचा, मग हे कशाला?

जे निरोप त्वचेत उपद्रव करतात तेच इतरत्र पहारा देतात. क्षयाचे जंतू कित्येकांच्या फुप्फुसात निद्रिस्त असतात. त्यांच्याभोवती प्रतिकारपेशींनी भिंत बांधलेली असते आणि ती भिंत उभी ठेवण्याचे काम टीएनएफचे. टीएनएफ अडवले की भिंत ढासळते आणि आयुष्यभर गप्प राहिला असता तो क्षय उठून बसतो. आयएल-१७ व आयएल-२३ वरच्या औषधांत हा धोका बराच कमी, तरी तपासणी करतातच. सुप्त क्षय निघाला तर त्यावरच्या गोळ्या आधी सुरू करतात आणि टीएनएफरोधक असेल तर साधारण महिनाभर थांबून मगच पहिले इंजेक्शन देतात. कावीळ बी चा विषाणूही असाच यकृतात दबा धरून बसलेला असू शकतो.

औषध चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घ्यायच्या नाहीत. ज्या लसी घ्यायच्या त्या शक्यतो आधीच उरकून घ्या. ताप, दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा खोकला, उगाच वजन उतरणे यांपैकी काही झाले तर पुढचा डोस घेण्याआधी दाखवा.

घरी इंजेक्शन घेणार असाल तर साठवणीकडे लक्ष द्या. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे, त्यामुळे ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात तापमान खालीवर होते आणि बर्फाच्या कप्प्याजवळ औषध गोठते. एकदा गोठलेले औषध वितळल्यावरही वापरायचे नाही, कारण त्यातल्या प्रथिनाची घडण बिघडलेली असते. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. जागा मांडीची किंवा पोटाची, बेंबीपासून चार बोटे दूर, दर वेळी बदलून आणि चट्ट्यावर कधीच नाही. गार औषध जास्त झोंबते आणि पेन लवकर उचलले तर शेवटचे थेंब कातडीवर ओघळतात. ओघळ दिसला की डोस अपुरा गेला असे धरून विचारा.

प्रश्न : मला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आहेत. त्या याच प्रथिनांवर काम करतात का?

थेट नाही. त्या उत्तेजित टी-पेशींना आवरतात आणि पेशींबाहेर दाह शमवणारे अॅडेनोसिन वाढवतात, त्यामुळे दाहाचे निरोप एकूणच उतरतात. औषध जुने असले तरी आजही भरवशाचे आहे.

पण एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून औषधाच्या डब्यावर चिकटवा : ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची. नेहमीचा डोस आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम असतो. नजरचुकीने रोज घेतल्यास अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या भागाचे, काम मंदावते आणि जीव जाऊ शकतो. वार ठरवा, उदाहरणार्थ रविवार, आणि चिठ्ठीवर तो वार लिहून घ्या. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. तोंडात फोड येणे, ताप, अंगावर निळसर डाग ही धोक्याची पहिली खूण, तेव्हा पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दारू बंद. मूल हवे असेल तर आधी बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे सांगा, कारण को-ट्रायमॉक्साझोल हे साधेसे प्रतिजैविक तिच्यासोबत घातक ठरते. रक्तगणना, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी ठरल्या वेळी करायची, बरे वाटत असले तरी.

प्रश्न : चट्टे थोडेच आहेत, पण सकाळी बोटे आखडतात आणि टाच दुखते. याचा संबंध असेल?

असू शकतो, आणि हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. टीएनएफ, आयएल-१७ आणि आयएल-२३ स्नायुबंध हाडाला जिथे जोडले जातात त्या जागीही दाह करतात. टाचेचे दुखणे तिथले. अर्ध्या तासाहून जास्त राहणारा सकाळचा आखडलेपणा, एखादे अख्खे बोट सुजणे, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे या खुणा मिळाल्या तर संधिवाततज्ज्ञांकडे लवकर जा. बहुतेकांत चट्टे आधी आणि सांधे काही वर्षांनी बिघडतात. चट्टे किती, यावरून सांध्यांचा अंदाज बांधता येत नाही. झिजलेले हाड पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे इथे वाट पाहणे महागात पडते.

प्रश्न : वडिलांना सांधेदुखीसाठी टीएनएफरोधक दिले, तर तळहातांवर सोरायसिस उमटला! औषधच आजार करते का?

क्वचित असे होते. टीएनएफ काही प्रमाणात इंटरफेरॉन-अल्फाला लगाम घालून असते. तो लगाम सुटला की इंटरफेरॉन बोकाळते आणि काहींच्या त्वचेवर चट्टे किंवा पुळ्या येतात. सौम्य असेल तर मलम लावून औषध चालू ठेवतात, नाहीतर गट बदलतात. परस्पर बंद करू नका, सांधे भडकतील.

प्रश्न : मलम लावून लावून कंटाळलो, गुण येत नाही.

आधी मलम पुरेसे लागते का ते पाहा. बोटे धरून आपला तळहात म्हणजे शरीराच्या साधारण १ टक्का त्वचा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांना पुरते. समजा चट्टे सहा तळहातांएवढे आहेत आणि मलम दिवसातून दोनदा लावायचे आहे : दर वेळी दीड ग्रॅम, दिवसाला तीन, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. ती दोन महिने चालत असेल तर मलम कुचकामी आहे असे म्हणता येणार नाही, ते पोहोचतच नाही.

कॅल्सिपोट्रिऑलचे मलम असेल तर आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा ओलांडू नका आणि त्याच जागी सॅलिसिलिक अॅसिड लावू नका, आम्लात ते निकामी होते. तीव्र स्टेरॉइड मलम महिनोन्‌महिने लावून एकदम सोडले तर चट्टे उसळून येतात.

प्रश्न : नातेवाइकांनी पोटातून घ्यायचे स्टेरॉइड अचानक बंद केले. आता ताप, थंडी आणि लाल अंगावर बारीक पुवाच्या पुळ्या. घरी काय करावे?

घरी काहीच नाही, त्यांना लगेच रुग्णालयात न्या. हा सर्वांगावर पसरणारा पुळ्यांचा सोरायसिस असण्याची शक्यता आहे आणि स्टेरॉइड एकाएकी सोडणे हे त्याचे ठळक कारण आहे. पुळ्यांत जंतू नसतात, तिथे साचलेल्या असतात त्या न्यूट्रोफिल पेशीच. यात मुख्य निरोप आयएल-३६ चा असतो, आणि त्याला अडवणाऱ्या स्पेसोलिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण आधी शरीरातले पाणी, क्षार आणि तापमान सांभाळावे लागते, कारण सुजलेली त्वचा या तिन्हींना धरून ठेवू शकत नाही. जाताना बंद केलेल्या औषधांची पाकिटे बरोबर घ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहून न्या.